साक्षीपुरतं पाप

कोलशेतची आमची वडिलोपार्जित जमीन चुलतभावाने खोट्या सह्या करून बिल्डरला विकली होती. परवा रविवारी तोच आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायला. ढसाढसा रडला, आमचा हिस्सा परत करतो म्हणाला. लोकांनी त्याला मिठ्याच मारल्या. माझा नुसता जळफळाट झाला. पाप यानेच करायचं आणि टाळ्याही यालाच! मी इतकी वर्षं एक रविवार चुकवला नाही, पण माझ्या हातात कधी कुणी माईक दिला नाही.

घरी येताना बायकोला म्हणालो, "माझ्याकडे सांगण्यासारखं पापच नाही गं."

"आता आहे ना," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगा."