आठ रंगांचे कागद

बोलायच्या आधी ते चष्मा काढत, कोटाच्या खिशातल्या घडीच्या रुमालाने दोन्ही काचा पुसत आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवून विचारत, "शास्त्र काय सांगतं?"

उत्तर कुणी द्यायचं नसे. ते स्वतःच देत. शास्त्र काय सांगतं हे आमच्यापैकी कुणाला माहीत असण्याची शक्यता त्यांनी कधी गृहीत धरली नाही.

हे एकोणीसशे पन्नासच्या दशकातलं आहे. चिंचवडच्या केंद्रशाळेत दर शनिवारी दुपारी आसपासच्या गावांतल्या प्राथमिक शिक्षकांचा वर्ग भरे. आम्ही बहुतेक मराठी सातवीची परीक्षा देऊन मास्तर झालेले. पहिलीच्या मुलांना वाचायला कसं शिकवावं, हे आम्हाला शिकवायला बी.टी. झालेला एक पदवीधर पुण्याहून येई. तो हा माणूस. त्यांना कुणी 'गुरुजी' म्हटलेलं चालत नसे. गुरुजी आम्ही, ते सर. पहिल्याच शनिवारी त्यांनी हे शांतपणे समजावून सांगितलं, आणि वर्षभरात त्यांनी आम्हाला सांगितलेल्या गोष्टींपैकी एवढीच मला पूर्ण समजली.

बिगरीच्या, म्हणजे पहिलीआधीच्या पोरांच्या वर्गावर त्यांनी स्वतः किती वर्षं काढली होती, हे चाकणच्या शेख मास्तरांनी एकदा विचारलं. शेख मास्तर आमच्यात वयाने मोठे, पोरं शिकवून केस पांढरे झालेले.

"माझा विषय वाचन हा आहे," सर म्हणाले. "बिगरी नव्हे."

"तसं व्हय," शेख मास्तर म्हणाले आणि खाली बसले. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "राव, यांना पोहायचं शास्त्र ठाऊक आहे, पाणी नाही."

सरांना मुलांना शिकवताना मी एकदाच पाहिलं. केंद्रशाळेची पहिलीची मुलं बसवून ते आम्हाला नमुना पाठ दाखवत होते. पाठाला पाच पायऱ्या असतात आणि पहिली प्रस्तावना. प्रस्तावना चालू असताना पुढच्या रांगेतल्या एका पोराने करंगळी वर केली. सर म्हणाले, "प्रस्तावना चालू आहे." पोराने थोडा वेळ दम धरला. दुसऱ्या पायरीला जमीन ओली झाली. सरांनी डबक्याला वळसा घातला आणि पाचही पायऱ्या पूर्ण केल्या. नंतरच्या चर्चेत त्यांनी त्या पोराचा उल्लेख 'अवधानातील व्यत्यय' असा केला.

त्यांची पद्धत वाक्याची होती. मुलाने आधी अख्खं वाक्य बघायचं, अक्षर नाही. पहिले सहा महिने मुलाला एकाही अक्षराचं नाव सांगायचं नाही. क म्हणजे क हे ज्याने सांगितलं, त्याने मुलाचं नुकसान केलं. या मताबद्दल माझी तक्रार नाही. ते जगात इतरांनीही मांडलं असेल आणि नीट वापरलं तर चालतही असेल. सरांनी त्यात स्वतःची भर घातली होती. मुलांचं लक्ष टिकावं म्हणून आठ वाक्यं आठ रंगांच्या पतंगी कागदांवर लिहायची. तांबड्यावर 'बैल पाणी पितो'. पिवळ्यावर 'आई भाकरी थापते'. हिरव्यावर 'पोपट पेरू खातो'. असे आठ. प्रत्येक शाळेला त्यांनी एक एक संच दिला आणि वर्गात सुतळीवर टांगायला सांगितलं.

पंधरा दिवसांत माझ्या शाळेतली पोरं आठही वाक्यं घडाघडा वाचू लागली. मीही खूश झालो. मग एक दिवस मी हिरव्या कागदावर माझ्या हाताने 'मामा गावाला गेले' असं लिहून टांगलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पोपट पेरू खातो."

हे मी पुढच्या शनिवारी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्ही संचात ढवळाढवळ केलीत," ते म्हणाले.

तुमच्या पाहण्यातही असा एखादा माणूस आला असेल. त्याला चूक दाखवली की त्याला चूक दिसत नाही, दाखवणारा दिसतो.

आता काशीबाईंबद्दल सांगायला हवं. मोशीच्या शाळेत पहिली त्यांच्याकडे होती. नवरा गेल्यावर त्या मास्तरीण झाल्या होत्या आणि शाळेमागच्या एका खोलीत मुलीला घेऊन राहत. खोली शाळेची होती. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि मग दिराच्या घरी चुलीपाशी उभं राहायचं. दीर वाईट नव्हता, पण त्या घरात जेवायला शेवटी कोण बसणार हे ठरलेलं होतं. त्याच वर्षी जिल्हा स्कूल बोर्डाचा हुकूम आला की, ज्यांचं प्रशिक्षण झालेलं नाही अशांनी हा वर्ग उत्तीर्ण व्हावा, नाहीतर जूनपासून त्यांची जागा रिकामी धरली जाईल. उत्तीर्ण कोण, हे सर ठरवणार होते.

मी शेजारच्या गावात मास्तर होतो. एकदा शाळा भरायच्या बऱ्याच आधी काही कागद द्यायला मोशीला गेलो. वर्गाचं दार लोटलेलं होतं. आत इंद्रायणीची वाळू जमिनीवर पसरून पोरं बोटाने अक्षरं गिरवत होती. काशीबाई ओणव्या होऊन एकेकाचं बोट धरत होत्या. मला बघून त्यांनी आधी पदर सारखा केला, मग पायाने वाळू थोडी विस्कटली.

"सरांना सांगू नका, मास्तर," त्या म्हणाल्या.

"नाही सांगणार. पण पोरांनी सांगितलं तर?"

"पोरं शाणी हायत. घंटेच्या आधी बाईंचं वाचन, घंटा झाली का सरांचं. त्यास्नी ठावं हाय." मग त्या किंचित हसल्या. "सरांचं सोप्पं हाय म्हणत्यात. निस्ता रंग बघायचा."

म्हणजे सुतळीवरच्या कागदांपुढे सगळ्या तालुक्यात मोशीची पोरं हुशार ठरली, ती यामुळे. एखादा कागद उलटा टांगला गेला तरी ती चुकत नसत. सरांना याचा अभिमान वाटे. कारण त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारावं असं त्यांना वाटलं नाही.

मार्चच्या सुमाराला मुंबईहून शिक्षणखात्याचे एक मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांना खेड्यातली शाळा पाहायची होती. सरांनी मोशी निवडली. आमच्यात कुजबुज होती की पुण्याच्या शिक्षक महाविद्यालयातली एक जागा या भेटीवर ठरणार आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी मला लेखनिक म्हणून बरोबर घेतलं. निकालाचा पाठही त्याच वेळी उरकायचा होता. काशीबाईंनी साहेबांसमोर पाठ घ्यायचा आणि सरांनी तो तपासायचा.

आणि इथे सरांनी एक गोष्ट केली. एवढे मोठे साहेब येणार, त्यांच्यापुढे मळलेले पतंगी कागद काय टांगायचे, म्हणून त्यांनी आठही वाक्यं नव्या, जाड, पांढऱ्या कागदावर पेंटरकडून लिहून आणली. काळी अक्षरं, ठसठशीत, फारच देखणी. आठही कागद पांढरे.

साहेब खुर्चीवर बसले. काशीबाईंनी नव्या कागदांकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. छडीचं टोक त्यांनी पहिल्या कागदावर ठेवलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"वाचा बाळांनो," सर म्हणाले.

हौसा नावाची एक मुलगी उभी राहिली. सात वर्षांची असेल. ती कागदांच्या मागे काही दडलंय का असं बघत म्हणाली, "गुर्जी, तांबडा कागुद कुठं हाय?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला. रुमाल हातात आला, पण काचा पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्या एका मिनिटापुरता तो माणूस मला माणसासारखा दिसला, हे नोंदवून ठेवतो.

साहेब तसे बरे होते. ते उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'नदीला पाणी आले'. म्हणाले, "हे कुणाला येतं?"

पोरांना येत होतं. सगळ्यांना येत होतं. पण घंटा झालेली होती, समोर सर उभे होते, आणि अक्षरं सरांसमोर बोलायची नव्हती. हौसाने काशीबाईंकडे पाहिलं. काशीबाईंनी सरांकडे पाहिलं. बाईंनी होकाराची मान हलवली नसती तर पोरं अडाणी ठरली असती. हलवली तर त्यांनी वर्षभर काय केलं ते उघड होणार होतं. मला वाटतं त्यांनी खोलीचाही विचार केला असेल. मग त्यांनी मान हलवली.

"न," हौसा म्हणाली. "दी. ला. नदीला." आणि मग सरळ, "पाणी आले." पाठोपाठ वर्ग ओरडला. साहेबांनी आणखी दोन वाक्यं लिहिली. तीही पोरांनी वाचली.

"छान," साहेब म्हणाले. "हे कसं काय साधलं?"

प्रश्न काशीबाईंना होता. त्यांनी तोंड उघडलं. तोवर काचा पुसून झाल्या होत्या.

"शास्त्र काय सांगतं?" सर म्हणाले. "वाक्यं पक्की झाली की अक्षरं आपोआप सुटी होतात. आपण पाहिलंत ते तेच."

साहेबांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. काशीबाईंनी सगळ्यांना चहा दिला. सर चहा घेताना म्हणाले, साखर थोडी कमी हवी होती.

चिंचवडला परत आल्यावर त्यांनी मला निकालाची यादी लिहायला बसवलं. ते सांगत होते, मी लिहीत होतो. शेख मास्तर, उत्तीर्ण. मी, उत्तीर्ण. काशीबाईंच्या नावापुढे त्यांनी सांगितलं, "अनुत्तीर्ण. पद्धतीचे पालन नाही."

मी टाक थांबवला. "सर, मुलांनी वाचलं."

"वाचलं हा प्रश्न नाही. कशानं वाचलं हा प्रश्न आहे."

"पण साहेबांना तर आपण—"

"लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. ती यादी माझ्या अक्षरात आहे आणि अक्षर सुबक आहे.

पुढच्या शनिवारी काशीबाई चिंचवडला आल्या. पुन्हा पाठ घेऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सरांनी नियम सांगितला. बाईंनी तो ऐकून घेतला. मग पिशवीतून मोशीच्या शाळेचे आठ पतंगी कागद काढून टेबलावर ठेवले. नीट घड्या घातलेले होते.

"तुमचं वाचन तुमच्यापाशी असू द्या," त्या म्हणाल्या.

सरांनी कागद एकेक करून मोजले. "आठही आहेत," ते म्हणाले.

शेख मास्तर मागच्या बाकावरून उठून बाहेर निघून गेले. पुढे वर्गाला आले नाहीत. मी बसून राहिलो.

जूनमध्ये मोशीला दुसरे मास्तर आले. खोली त्यांना मिळाली. काशीबाई काही दिवस दिराकडे होत्या, मग पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामावर लागल्या असं ऐकलं. सर पुण्याच्या महाविद्यालयात गेले आणि पदवीधरांना शिकवू लागले की लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं. मी मास्तरकी सोडून वर्तमानपत्रात लागलो. सरांनी लिहिलेली पुस्तिका तिथे माझ्याच टेबलावर अभिप्रायासाठी आली. तिच्यात एक प्रकरण 'एका खेड्यातील यशस्वी प्रयोग' या मथळ्याचं होतं. नदी होती, हौसाही होती, पण नाव बदलून. बाई नव्हत्या. मी आठ ओळींचा अभिप्राय लिहिला. पुस्तिकेची छपाई चांगली आहे, असं त्यात म्हटलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दापोडीच्या बस थांब्यावर. बरीच वर्षं गेली होती. कोट तोच असावा, निदान तसाच होता. चष्म्याच्या काचा फार जाड झाल्या होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी ओळखलं.

"तुमचं अक्षर चांगलं होतं," ते म्हणाले.

मी विचारलं, "मोशीच्या काशीबाई आठवतात?"

"मोशीचा वर्ग आठवतो. उत्कृष्ट वर्ग." मग जरा थांबून, "बाई होत्या का तिथे?"

कुठे निघालात, असं मी विचारलं. ते चिंचवडला मुलीकडे चालले होते. डोळ्यांनी आता दगा दिला आहे, म्हणाले, पाट्या वाचता येत नाहीत. पण त्यावाचून अडत नाही. चिंचवडच्या गाडीची पाटी तांबडी असते, तेवढी दिसते.

गाडी आली. पाटी तांबडीच होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मोशी' असं लिहिलं होतं.

त्यांनी माझा निरोप घेतला, दांड्याला धरून सावकाश पायरी चढले आणि खिडकीशी बसले. मी पाटी वाचली होती. सांगायला एक शब्द पुरला असता, आणि गाडी सुटायला वेळही होता. त्यांनी खिडकीत चष्मा काढला, रुमाल काढला आणि काचा पुसू लागले. त्या पुसून काही उपयोग नव्हता हे त्यांना माहीत असणार. काचांशिवाय त्यांचे डोळे लहान आणि पाणावलेले दिसत होते, आणि ते माझ्याच दिशेने, पण माझ्या बरेच बाजूला बघत हसले.

मी तेव्हाही गप्प राहिलो. फुगेवाडी गेल्यावर नाशिकच्या फाट्याला गाडी चिंचवडचा सरळ रस्ता सोडून उजवीकडे वळली असेल.