शिरीषच्या गाडीत एसी बसवताना

आमच्या ग्रुपमध्ये कुणाच्याही घरी जेवायला बसलं, की दुसरी पोळी वाढेपर्यंत शिरीषच्या गाडीचा विषय निघतो. काढावा लागत नाही, निघतो! आणि दर वेळी कुणाला तरी एखादा असा प्रसंग आठवतो, जो बाकीच्यांना माहीतच नसतो. मला मात्र सगळे माहीत आहेत. कारण दुर्दैवाने मी प्रत्येकाला हजर होते.

शिरीष आणि मी पुण्याला इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होतो, आता दोघंही जर्मनीत, डार्मश्टाटला. तो ब्रेक्समध्ये, मी गाड्यांच्या एसीमध्ये. हॉस्टेलच्या भिंतीवर त्याने एका अमेरिकन मसल कारचं पोस्टर लावलेलं होतं. लांबलचक बॉनेट, दोन दारं, आत व्ही-एट इंजिन. इथे नोकरी पक्की झाल्यावर त्याने तीच गाडी घेतली. साठच्या दशकातली, गडद हिरवी. एसी नाही. डॅशबोर्डवर हवा यायला एक भोकसुद्धा नाही!

* * *

पहिल्याच उन्हाळ्यात शिरीष, त्याची बायको मुग्धा आणि आठ वर्षांची लेक ईरा, तिघं बॉनला निघाले. मी मागे ईराच्या शेजारी. ऑटोबानवर श्टाऊ लागला. श्टाऊ म्हणजे साधा ट्रॅफिक जॅम नाही. लोक इंजिन बंद करून बाहेर येतात, कुत्री फिरवतात, एकमेकांना सफरचंदं देतात.

वरून ऊन, खालून त्या इंजिनाची धग. ईराशी मराठीत बोललं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. "बाळा, पाणी देऊ?" मुग्धाने विचारलं. "इश बिन कापुट," ईरा म्हणाली. म्हणजे मी संपले. तिचा चेहरा खरंच लालबुंद झाला होता, आणि मुग्धा घाबरली.

शेजारच्या लेनमध्ये एका आजीबाईंची छोटी पांढरी गाडी होती. काचा बंद, आत गारेगार. आजीबाईंनी ईराकडे पाहिलं आणि दार उघडलं. मुग्धा लेकीला घेऊन सरळ त्यांच्या गाडीत जाऊन बसली.

आणि श्टाऊ सुटला!

त्यांची लेन भरभर पुढे गेली, आमची तिथेच. मुग्धाचा फोन आमच्या सीटवर. शिरीष स्टिअरिंग धरून नुसता "अगं! अगं!" करत होता. शेवटी पुढच्या विश्रांतीच्या थांब्यावर दोघी सापडल्या. ईरा आइसक्रीम खात होती.

मुग्धा म्हणाली, "एसी बसव. नाहीतर मी यांच्याबरोबरच पुढे जाते."

* * *

एसीचा सेट अमेरिकेहून मागवला. तो कस्टम्समध्ये अडकला आणि शिरीषला बोलावणं आलं. भाषांतराला म्हणून मी. खोकं उघडून तिथल्या बाईंनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. कॉम्प्रेसर, नळ्या, आणि क्रोमचे चार गोळे.

"हे काय?"

"व्हेंट. डॅशबोर्डमध्ये बसवायचे. त्यातून थंड हवा येते," मी म्हटलं.

"कुठल्या गाडीसाठी?"

शिरीषने अभिमानाने मोबाइलवर फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"जुनी दिसते."

"पन्नासच्या वर वय आहे!"

"आल्झो," बाई म्हणाल्या, "म्हणजे पन्नास वर्षं कुणाला गरम झालं नाही?"

* * *

आता खरा प्रश्न भोकांचा. शहराबाहेर एका मोठ्या शेडमध्ये शिरीषने गाडीसाठी गाळा घेतला आहे. शेजारच्या गाळ्यात उवे. लॅटिनचे निवृत्त शिक्षक, त्यांची एक जुनी कॅम्पर व्हॅन. दर शनिवारी दुपारी उवे थर्मासमधून कॉफी आणत आणि शिरीषबरोबर पीत. शिरीषला इथे ऑफिसबाहेर मिळालेला हा एकच जर्मन मित्र.

डॅशबोर्ड कापायचा आहे, हे ऐकून उवेंनी कप खाली ठेवला. "हा पत्रा कारखान्यातून असाच आला आहे. तू तो कापलास, तर गाडी मेली. शिवाय तुझी ओल्डटाइमरची नंबरप्लेट जाईल."

मूळ रूपात जपलेल्या जुन्या गाड्यांना इथे ही खास नंबरप्लेट मिळते. शिरीषने चौकशी केली. त्या काळात अशा गाडीत एसी मिळत असेल, आणि व्हेंट त्या काळासारखे दिसत असतील, तर चालतं. पण उवे ऐकेनात. "कायद्याचं मी बोलतच नाहीये," म्हणाले, आणि आपल्या गाळ्यात गेले.

शनिवारी ड्रिल तयार, खुणा मारलेल्या. शिरीषने ड्रिल उचललं, खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "मेघना, तू कर." मी म्हटलं, "माझी गाडी नाही, मी हात लावणार नाही!" तासभर हेच. चहा झाला. खुणा पुन्हा मोजून झाल्या.

मुग्धा आम्हाला जेवायला बोलवायला आली होती. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा शिरीषकडे. त्याच्या हातातून ड्रिल घेतलं, गॉगल लावला आणि चारही भोकं पाडली. अगदी गोल!

"बटाट्याची भाजी गार होतेय," ती म्हणाली.

शिरीष डोळे पुसत होता. पत्र्याचा कीस गेला म्हणाला. पलीकडे उवेंच्या गाळ्याचं शटर धाडकन खाली आलं. पुढच्या शनिवारी कॉफी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

* * *

इथे गाडीत एसीचा गॅस कुणीही भरू शकत नाही, त्यासाठी सर्टिफिकेट लागतं. ते माझ्याकडे आहे. "मेघना, तुझं ते सर्टिफिकेट आहे ना?" हे वाक्य माझ्या आयुष्यातून किती शनिवार घेऊन गेलंय, विचारू नका! आठवडाभर ऑफिसात एसी, आणि सुट्टीला पुन्हा एसी.

तर सगळं जोडलं. व्हॅक्यूम टिकला, म्हणजे गळती नाही. गॅस भरला. इंजिन सुरू. शिरीषने बटण फिरवलं. चारही गोळ्यांतून जोरात हवा! आम्ही टाळ्या वाजवल्या.

हवा गरम होती. कोमट नाही, गरम! केस वाळतील अशी.

मी गॅसचं प्रेशर पाहिलं, ठीक. कॉम्प्रेसर पाहिला, ठीक. दुपार गेली. मग दिसलं, की हीटरचं गरम पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह शिरीषने उलटा बसवला होता. त्यावर भलामोठा बाण आहे. पाणी कुठून कुठे जायचं ते दाखवणारा. "मला वाटलं, ती कंपनीची खूण आहे," तो म्हणाला.

मुग्धाने व्हेंटसमोर हात धरला. "छान. डिसेंबरची सोय झाली."

* * *

हवा थंड झाली, तर गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर सुरू झाला, की इंजिनाला तो भार सोसायचा नाही. भर चौकात, हिरव्या सिग्नलला, ही एवढी मोठी हिरवी गाडी आडवी! मागे हॉर्न.

यावर शिरीषने नियम काढला. लाल दिवा दिसला, की एसी बंद करायचा. बंद करायचं काम शेजारी बसणाऱ्याचं.

"म्हणजे उभ्या गाडीत एसी बंद," मी म्हटलं, "आणि पळत्या गाडीत चालू?"

"गेनाऊ! तेच तर!"

"पळत्या गाडीत काच खाली केली तरी वारा येतो, शिरीष!"

त्याने आधी त्याची काच वर केली. मग म्हणाला, "तुम्ही एसीवाले फार निगेटिव्ह असता."

त्यानंतर एक छोटा पार्ट बसवून इंजिन सावरलं. तो शोधायलाही मीच.

* * *

त्याच सुमारास मुग्धाचे वडील, आप्पा, साताऱ्याहून आले. विमानतळावरून आणताना त्यांना मानाने पुढे बसवलं. थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "शिरीषराव, पायाशी पाणी येतंय."

"आप्पा, ते कंडेन्सेट आहे. थंड पाइपवर बाष्प जमतं ना, तेच ते. ड्रेनची नळी जरा निसटली असेल. काळजी करू नका, शुद्ध पाणी असतं!"

"असेल," आप्पा म्हणाले. "पण मोजा माझा आहे."

* * *

मग तपासणी. नंबरप्लेट राहणार की जाणार, ते त्या दिवशी ठरणार होतं. शिरीष रात्रभर झोपला नव्हता. "उवेचं खरं ठरलं तर?" एवढंच विचारत होता.

तपासनीस उंच, गंभीर. टॉर्च घेऊन बॉनेटखाली पाहिलं, गाडीखाली पाहिलं. चारही व्हेंट फिरवून पाहिले. मग दोन व्हेंटच्या मध्ये मुग्धाने चिकटवलेल्या छोट्या गणपतीवर टॉर्च थांबला.

"आणि हा? हा त्या काळातला आहे का?"

शिरीषला घाम फुटला. शेवटी कसंबसं म्हणाला, "हा... त्याहून जुना आहे."

तपासनीसाने मान डोलावली आणि शिक्का मारला.

* * *

त्या रविवारी बाहेर छत्तीस अंश होते. शिरीषने धीर करून उवेंच्या गाळ्याचं शटर ठोठावलं. "एक चक्कर. फक्त एक," म्हणाला. उवे हात धुऊन आले.

उवे पुढे. मागे मी आणि आप्पा. ओडेनवाल्डच्या डोंगरांकडे निघालो. एसी असा चालला होता, की मला माझ्याच व्यवसायाचा अभिमान वाटायला लागला. शिरीष रस्त्याकडे कमी आणि उवेंकडे जास्त बघत होता.

उवेंनी एका व्हेंटच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे पत्रा कापला होता, तिथे. "सफाईने कापलंय," म्हणाले. शिरीषने श्वास सोडला.

मग उवेंनी तो गोळा फिरवून बंद केला. शेजारचाही केला. मग हात लांब करून शिरीषच्या पुढचे दोन्ही.

"एस त्सीट," ते म्हणाले.

"काय म्हणतात ते?" आप्पांनी मला विचारलं.

"वारं लागतंय म्हणतात, आप्पा. मानेला."

आप्पा एकदम सरळ बसले. "अगदी बरोबर आहे त्यांचं! मघापासून माझाही खांदा धरलाय!" त्यांनी पिशवीतून एक कानटोपी काढून स्वतःच्या डोक्यात घातली, दुसरी काढली आणि पुढे केली. "द्या त्यांना. नवीच आहे म्हणावं."

उवेंनी ती उलटसुलट करून पाहिली, घातली, कानांवरून नीट खाली ओढली आणि मागे वळून आप्पांना म्हणाले, "डांकं."

शिरीषने आरशात पाहिलं, मग शेजारी पाहिलं. "एसी बंद करू का?" त्याने अगदी हळू विचारलं.

"नाइन, नाइन!" उवे म्हणाले. "गार छान वाटतंय. फक्त हवा येऊ देऊ नकोस."