तेवीस जणांची बाटली

तळोद्याचे रूपचंद डॉक्टर मूळचे ब्राह्मणपुरीच्या गुजर शेतकऱ्याचे. एकोणीसशे बावीस-तेवीस साली त्यांनी दवाखाना थाटला, तेव्हा सातपुड्यातलं माणूस त्यांच्या ओट्यावर चढत नसे. पहिला आला तो आमशा. त्याची बायको फुलीबाई हिवतापानं निजून होती.

डॉक्टर घोडीवरून पाड्यावर गेले. कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, बाटली दिली, बाहेरच्या कागदी पट्टीवरच्या बारा खुणा दाखवल्या आणि चार दिवस, रोज तीनदा, असं पुन्हा पुन्हा बजावलं.

पाचव्या दिवशी जाऊन पाहतात तो काय! फुलीबाई आणखीच खंगलेली, आणि बाटली मात्र रिकामी, धुऊनपुसून खुंटीला टांगलेली.

"आमशा, दवाई कोठे गयी?"

"वाटी दिन्ही ना. पाड्यावर तेवीस जन शेतस. येक येक घोट."

"अरे, आजारी ती एकली शे ना!"

"मंग? पाड्यावर येल चीज एकलीले कसी देवानी?"

खरंच होतं ते. ससा मारला तरी तिथे तेवीस वाटे पडत. डॉक्टरांचा पारा चढला. आता बाई हातची जाते की काय! तेवढ्यात गोधडीतून फुलीबाई कुडकुडत म्हणाली, "कडू शे. मी एकलीच कसाले पिऊ?"

डॉक्टरांना हसूच फुटलं. मग त्यांनी एकेकाला आडवं निजवून पोट चाचपलं. सतरा जणांची हिवतापानं सुजलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागली! म्हणजे वाटणी बरोबर होती, औषधच कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी घोडीला दोन डबे कोयनेल लटकवून डॉक्टर हजर. दहा दिवस मुक्काम ठोकला. पहिला मान फुलीबाईचा, मग सगळ्यांचा, शेवटी आमशा पेला पुढे करायचा, "तू भी पाड्यावरच शे ना, डागतर!" कोयनेल पिऊन डॉक्टरांच्या कानात दिवसभर घंटा वाजायच्या. पण सातव्या दिवशी फुलीबाई उठून पाण्याला गेली. मग काय, साऱ्या पाड्यांची वाट तळोद्याला वळली.

वीस वर्षांनी डॉक्टरच तापानं पडले. रोगी म्हणून अगदी वाईट. औषध दिसलं की भिंतीकडे तोंड. त्यांच्या पत्नी अनुसयाबाई रडकुंडीला आल्या. एक दिवस फुलीबाई सगळा पाडा घेऊन उतरली, ओट्यावर बसली.

"आमना वाटा?"

अनुसयाबाईही हुशार. आतून काडेकिराईताचा काढा आणून त्यांनी पेले भरले. सगळ्यांनी तोंडं वाकडी करत घोट घेतला आणि खाटेकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी मुकाट्यानं आपली बाटली उचलली.

"कडू शे," ते म्हणाले.

"शेच ना," फुलीबाई म्हणाली. "पी."