ओढ्याच्या वळनावर कोन वरडलं

त्या दिवशी तिथं कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की म्हातारीनं मनानं रचलं. मी हमीदा. माझे मालक, त्यांना सगळा हायवे मिस्त्री म्हनायचा, मी बी मिस्त्रीच म्हनते. माझा धाकला दीर रशीद. भोरातले वकीलसाहेब, ज्यांनी शर्यतीचा फॉर्म भरून दिला. हिर्डोशीचा बापू, पान्याचा टँकर त्याचा. आन् गाडीत माझी लेक नसीम. एवढी सहा मानसं. बाकी शे-दोनशे पब्लिक हुतं, त्यांची नावं मला ठावं न्हाईत.

मी चौथी शिकल्याली. मी बोलते आन् नात टाईप करती.

आन् एक... मी असलं काही मानत न्हाई. आमच्या शेडाच्या पल्याड एक मोरी हाय, तिथं पांढऱ्या साडीतली बाई उभी ऱ्हाती म्हनून ड्रायव्हर लोक सांगायचे. त्या मोरीवरनं मी वर्सानुवर्सं पानी आनलं, मला कधी कुनी भेटलं न्हाई. भेटली असती तर एक हंडा तिच्या डोक्यावर दिला असता.

तर आमची शेड कामथडीच्या पुढं, हायवेला लागून. गॅरेजच म्हना. मधी खड्डा, ट्रक वरती उभा करायचा आन् मिस्त्री खाली उतरून काम करायचे. ट्रक मागं घ्यायचा म्हंजे खड्ड्याच्या दोन्ही अंगाला चाकं बरोबर बसाय पायजेत. ते सांगायचं काम माझं. मी मागं उभी ऱ्हाऊन वरडायचे — येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, सरळ... बस! लांबचे ड्रायव्हर म्हनायचे, "चाची हाय ना? मग डोळं झाकून घेतो." एक चाक खड्ड्यात गेलं न्हाई कधी.

मग मिस्त्रींचं डोळं गेलं. चूक त्यांचीच. बॅटरी चार्जिंगला लावल्याली आन् शेजारी बसून बिडी पेटवली. बॅटरी फुटली, अ‍ॅसिड तोंडावर. पुन्याला दवाखान्यात दीड महिना काढला. डागदर म्हनला, उजेड-अंधार बी कळायचा न्हाई. मी म्हनलं, बरं. दुसरं काय म्हननार? रडून बघितलं एक दिस, त्यानं काय झालं न्हाई.

घरी आल्यावर आठ दिस ते गप पडून हुते. नवव्या दिशी मीच हाताला धरून शेडात नेलं आन् पाना हातात दिला. म्हनलं, मी बघते, तुमी करा. तसंच मग चाललं. मी सांगायची, "मिस्त्री, लाल वायर वर, काळी खाली, तिसऱ्या बोल्टाला गंज हाय." त्यांची बोटं बरोबर जायची. नसीम तवा दहावी नापास होऊन घरी बसल्याली, ती बी पाना धराय लागली. दोन वर्सांत तिचा हात असा बसला की मिस्त्री नुसतं कान लावून म्हनायचे, "कार्बोरेटर तूच कर."

पन गिऱ्हाईक तुटलं. आंधळा आन् पोरगी, गाडी कोन देनार? भोरचे वकीलसाहेब तेवढे यायचे. तवा हायवे चौपदरी व्हायचं काम चालल्यालं. रशीदच्या मनात तिथं हॉटेल काढायचं. जागा दोघा भावांची. तो रोज यायचा, खुर्चीवर बसायचा आन् म्हनायचा, "भाभी, किती दिस वढनार? चावी द्या. चहा-वडापाव तरी चालंल हितं."

त्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांनी सांगितलं, की पुन्यातली गाड्यांची हौशी मंडळी वेल्ह्याच्या अंगाला मातीतली शर्यत भरवनार हायत. भात काढल्याली खाचरं, बांध फोडून सपाट केल्याली. एका वेळी एकच गाडी. दोन फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावून. ज्याला वेळ कमी लागंल तो पयला. साधी रस्त्यावरची गाडी बी चालती, फकस्त आतनं पाइपाचा पिंजरा पायजे, पलटली तर मानूस वाचावा म्हनून.

नसीम म्हनली, "आब्बा, आपली एट हंड्रेड?"

अपघातात चेपल्याली पांढरी गाडी हुती, कुनीतरी शेडात टाकून गेल्यालं. मिस्त्रींनी चाचपत जाऊन तिच्या टपावर हात फिरवला. मग रशीदला म्हनले, "आपल्या शेडातली गाडी पयल्या तिनात आली तर शेड ऱ्हाईल. न्हाई आली तर चावी तुझी."

रशीद हसला. "पयल्या तिनात? भाईजान, गाडी आपल्या पायानं घरी आली तरी लई झालं."

"चाचा," नसीम म्हनली, "तुमाला चावी द्यायची येळ आली तर मी सोता वडापाव तळायला यीन. पन आता खुर्ची उचला, मला जॅक लावायचाय."

दीड महिना आमी तिघं त्या गाडीला चिकटून हुतो. मागची शीट काढली, दाराच्या काचा काढून जाळी बसवली. बोरवेलच्या जुन्या पाइपाचा पिंजरा वेल्डिंग केला. खालनं ट्रकच्या पत्र्याची प्लेट लावली, सायलेन्सर कापला. जे जे सुटं निघंल ते मिस्त्री हातात घेऊन तोलायचे आन् म्हनायचे, "ह्ये नको." वायपर आन् त्याची मोटर बी तशीच काढली. मी इचारलं, वायपर कशाला काढता? म्हनले, "उन्हाळ्यात पाऊस कुठला पडतोय? तेवढंच वजन हलकं." मला बी पटलं. लक्षात ठेवा, ती चूक आमच्या तिघांची.

शर्यतीच्या दिशी ऊन असं, की खाचराची ढेकळं पायाला पोळत हुती. गाड्या रंगवल्याल्या, पोरं चष्म्यातली, प्रत्येकासंगं चार मदतनीस. आमची गाडी बघून एकजन म्हनला, "ही कुठनं आनली, भंगारातनं?"

"व्हय," नसीम म्हनली, "तिथं तुमच्या गाडीला बी जागा राखून ठिवलीया."

बायकांत ती एकटीच, आन् नंबर बी शेवटचा. स्पीकरवाला तिचं नाव घेताना म्हनला, "आता आपल्या लेडीज ड्रायव्हर येत आहेत, कृपया बाजूला सरका, अजून सरका." पब्लिक हसलं. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. आमी मधल्या उंच बांधावर बसलो हुतो, तिथनं सगळा ट्रॅक दिसायचा. पलीकडं जांभळीखालचं वळन, त्याच्या पुढं ओढ्याचं वळन. ओढ्याला पानी न्हवतं, नुसतं दगड, आन् खोल दोन पुरुस.

आता चूक बघा कशी हुती. नसीमच्या आधी धूळ बसवायला बापूनं टँकर फिरवला. जांभळीखाली त्याचा पान्याचा कॉक उघडाच अडकला आन् सगळं पानी एकाच जागी. बापू धावत आला, "चाची, तिथं चिखलाची रबडी झालीया, पोरीला सांगा." पन तंवर झेंडी पडल्याली.

पयली फेरी... काय सांगू. पोरगी अशी गेली, की हसनारं पब्लिक उभं ऱ्हायलं. जांभळीखाली तिनं रबडी बघून बाहेरनं घेतली, लांबचा फेरा पडला, येळ गेला. मिस्त्री म्हनले, "बाहेरनं घेतली ना? दुसऱ्या फेरीला आतनं मारंल बघ." आवाजावरनं वळखलं त्यांनी, तेवढं त्यांना कळायचं.

दुसऱ्या फेरीला खरंच आतनं मारली. चाकं रबडीत, आन् चिखलाची अशी लाट उडाली की पांढरी गाडी म्होरनं सगळी तपकिरी. मला लांबनं दिसलं — काच पार लिंपल्याली. घरातली भिताड लिंपतो तशी. वायपर न्हाई. खिडकीला जाळी, वरनं पोरगी पट्ट्यांनी शीटला आवळल्याली, डोकं बाहेर काढता यायचं न्हाई. आन् पुढं ओढा.

मी पदराचं टोक दातात धरलं. वरडाय आलंच न्हाई मला. हे मी अल्लाला स्मरून सांगते — तोंडातनं एक शबुद निघाला न्हाई.

मिस्त्री म्हनले, "काच भरली."

मी त्यांच्याकडं बघितलं. कुनी सांगितलं ह्यांना? मी न्हाई. बापू धापा टाकत गप उभा. तंवर मिस्त्री बोलाय लागले, हळू, नमाजात व्होट हलतात तसं.

"येऊ दे... येऊ दे... डावी मार... अजून डावी... सरळ."

आन् गाडी डावी वळली. आधी ते म्हनले, मग वळली. मागनं न्हाई, आधी! ओढ्याच्या काठानं दगडं खाली गेल्याली मला दिसली, पन चाक गेलं न्हाई. मग सरळ लांब पट्टा, शेवटच्या झेंडीपतोर. गाडी आता तुफान पळत हुती आन् मिस्त्री एकदम म्हनले, "थांब!"

गाडीला ब्रेक लागला. मला कळंना, मोकळ्या पट्ट्यात ब्रेक कशाला? तेवढ्यात पब्लिकच्या पायातनं एक तांबडं कुत्रं निघालं आन् गाडीच्या म्होरनं आडवं गेलं. वीतभर अंतर.

"जाऊ दे," मिस्त्री म्हनले. "जाऊ दे, जाऊ दे... बस."

बस म्हनले तवा गाडी झेंडीच्या पार हुती.

स्पीकरवाल्यानं घड्याळवाल्याकडनं चिठ्ठी घेतली. मग त्यानं आकडा वाचला. परत वाचला. मग तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज बदलला — पयला नंबर! एका डोळ्याच्या उघडझापीएवढ्या फरकानं, पन पयला. कुत्र्यासाठी थांबून पयला! अहो काय शिट्ट्या, काय टोप्या उडाल्या. बापूनं टँकरचा हॉर्न दाबला तो सोडंचना. हसनारी चष्म्यातली पोरं पळत आली आन् गाडी हातानं थोपटाय लागली. मी बांधावर उभी ऱ्हायले आन् हसत हुते. इतक्या वर्सांनी मी मोठ्यानं हसले.

वकीलसाहेब आधी गाडीपाशी पोचले. नसीम उतरल्यावर ते तिच्या शीटवर बसले आन् काचेतनं बघितलं. म्हनले, "हमीदाबाई, इथून काहीही दिसत नाही हो. काहीही."

नसीमनं हेल्मेट काढलं, माझ्या गळ्यात पडली आन् म्हनली, "अम्मा, किती वरडलीस गं! घसा बसला असंल."

"मी कुठं वरडले?"

"मग कोन? ट्रक मागं घेताना वरडतीस तसंच. डावी मार, सरळ, थांब. मागनं, कानाला लागून. म्या काच बघितलीच न्हाई, तू सांगशील तसं केलं."

मागं तर शीट बी न्हवती. नुसता पत्रा. आन् सायलेन्सर कापल्याली गाडी, हेल्मेटमधी कान झाकल्यालं. शेजारी बसून बोललं तरी ऐकू यायचं न्हाई.

म्या मिस्त्रींना सांगितलं, की तुमी बोलत हुता, मी गप हुते. ते माझ्याकडं तोंड करून हसले. "हमीदा, म्या कुठला बोलतोय? तू सांगत हुतीस. म्या नुसतं तुझ्या मागनं म्हनत हुतो."

दोघांनी माझा आवाज ऐकला. मी तोंड उघडलं न्हवतं. आन् थांब म्हनले तवा कुत्रं तर मला सोताला बी दिसलं न्हवतं, मग माझ्या आवाजाला कसं दिसलं?

वकीलसाहेब म्हनले, पोरीला ट्रॅक पाठ झाला असेल. मी म्हनलं, साहेब, कुत्रं बी पाठ हुतं का? त्यांनी बोटानं काचेवरचा चिखल खरवडून बघितला. म्हनले, "कोर्टात असं कुणी सांगितलं असतं तर मी उलटतपासणीत साक्षीदाराची पिसं काढली असती. पण काच मी स्वतः पाहिली."

रशीद समदं लांबनं बघत हुता. शेवटाला आला, टोपी नीट केली, म्हनला, "भाभी... माझ्या जीपचं क्लच सटकतंय. उद्या आनू का?"

"आन," मी म्हनलं. "पन लाइनीत उभं ऱ्हावं लागंल."

आन् खरंच लाइन लागली बघा. शर्यत बघितल्याले ट्रकवाले, जीपवाले, पार वेल्ह्याच्या दुधाच्या गाड्या. हॉटेलाचं नाव परत निघालं न्हाई. मिस्त्री नंतर बरीच वर्सं जगले, पाना हातात धरूनच गेले. नसीम अजून शेड चालवती. मी अजून ट्रकमागं उभी ऱ्हाते, गुडघं दुखतात तरी. ते वरडनं माझं हाय, ते मला कळतं. त्या दिवशीचं कुनाचं हुतं, ते मला आजपतोर कळलं न्हाई. मौलवींना इचारलं, डागदरला इचारलं. कुनी भास म्हनलं, कुनी दुवा म्हनलं. दोघांना एकच भास कसा हुईल?

तवा माझं एवढंच म्हननं हाय. वेल्ह्याकडच्या त्या शर्यतीला ओढ्याच्या वळनावर पन्नासेक मानसं उभी हुती. त्यातल्या कुनी हे वाचलं, आन् पांढरी चिखलानं भरल्याली गाडी वळताना तुमाला बाईचा आवाज ऐकू आला असंल, तर खाली लिहा. ऐकू आला नसंल, तरी लिहा. मला दोन्ही चालंल.