स्वयंपाकघरापर्यंतचं नेट

आमच्या घरात नेट आलं ते बैठकीत आलं, कारण आमच्या घरात येणारी प्रत्येक गोष्ट आधी बैठकीतच येते. पंखा तिथे आला, टीव्ही तिथे आला, पाहुणे तर येतातच. तिथल्या मंडळींचं समाधान झालं की उरलंसुरलं हळूहळू मागे स्वयंपाकघराकडे सरकतं. पंखा मागे सरकेपर्यंत माझे केस पांढरे व्हायला लागले होते. नेटसाठी मात्र मी तेवढी वाट बघणार नव्हते.

कारण होती माझी मुलगी. ती बंगळुरूला असते, नवराबायको दोघं नोकरी करतात, आणि त्या हिवाळ्यात तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण. तिला सासू नाही. जावई भला माणूस आहे, पण बायकोला उलटी झाली की आधी त्याचेच हातपाय गळतात. तिला काही विचारायचं तर मलाच विचारणार. आणि मी तिच्याशी बोलणार कुठे, तर बैठकीत, आबांच्या समोर.

आबा म्हणजे माझे सासरे. नव्वदीकडे झुकलेले, कान मात्र शाबूत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बैठकीतल्या खाटेवर असतात. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. तेही बोलत नाहीत. चहा हवा असला की समोरच्या भिंतीकडे बघून म्हणतात, "चहा व्हयना का?" मग भिंतीच्या वतीने मी चहा आणते. मला काही सांगायचं असलं तर मी नवऱ्याला सांगते आणि ते आबांना सांगतात, मग आम्ही तिघं एकाच खोलीत असलो तरी. कुणाला हे जाच वाटेल. मला ते घरातल्या खांबांसारखं झालं होतं, वळसा घालून जायची सवय लागलेली.

पण पोटुश्या मुलीशी बोलताना हा खांब फार आड यायला लागला. मी राउटरखाली उभी, डोक्यावर पदर, फोन हातात. पडद्यावर ती, तोंड उतरलेलं. ती विचारायची, "मम्मी, पोटमा दुखस ते बरं शे का?" आणि मी म्हणायची, "हं." ती म्हणायची, "तू काहीच बोली नई ऱ्हायनी." मी म्हणायची, "जेवण कर वेळेवर." आबा डोळे मिटून पडलेले असायचे, पण झोपलेल्या माणसाची मान इतकी ताठ नसते. एकदा ती बोलता बोलता थांबली, ओठ घट्ट मिटले आणि फोन बंद केला. ती रडली असणार, हे मला नंतर भाकरी थापताना कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की नेट स्वयंपाकघरात आणायचं.

कुणी म्हणेल, साधा फोन करावा. आमचं गाव लोणखेड्याच्या पलीकडे, आणि आमची गल्ली गावाच्या पोटात. मोबाइलची रेंज घरापुढच्या ओट्यावर मिळते किंवा गच्चीवर. ओट्यावर सगळं गाव असतं. गच्चीवर त्या दिवसांत मिरच्या वाळत घातलेल्या. तिथे एकदा बोलून बघितलं, तर मी शिंकते आणि शेजारच्या गच्चीवरून जाऊबाई विचारतात, सर्दी झाली का.

आमचं घर रुंदीला जेमतेम आणि लांबीला न संपणारं. पुढची बैठक नवी, स्लॅबची. मधली खोली जुनी, पांढऱ्या मातीच्या भिंतींची, हात पसरला तर भिंतीच्या जाडीत मावावा. तिथे धान्य असतं. तिच्या मागे स्वयंपाकघर. बैठकीतलं नेट मधल्या खोलीच्या दारापर्यंत यायचं आणि त्या मातीत मुरायचं.

आधी वायर टाकून झाली होती. भिंतीच्या कडेने, धान्याच्या पोत्यांमागून, नीट खिळे मारून. उंदरांनी ती आठवडाभर टिकू दिली नाही. मग आमच्या ह्यांनी कुठूनसा एक प्लगमध्ये खोचायचा छोटा डबा आणला, तो नेट पुढे ढकलतो म्हणे. ढकलायचा तो, पण त्याच्या नेटचं नाव वेगळं, राउटरच्या नेटचं वेगळं. बैठकीत फोन लावला आणि बोलत मागे निघालं की उंबरठ्यावर फोन तुटायचा. एका नावातून सुटायचा आणि दुसऱ्या नावात शिरायच्या आधी मुलगी गायब. परत लावावा तर तिची मीटिंग सुरू झालेली.

मेशचं नाव जावयाने सांगितलं. दोन-तीन डबे घरभर ठेवायचे, सगळ्यांचं नाव एकच, आणि आपण चालू लागलो की ते आपापसांत फोन झेलत राहतात. एवढं मला पुरेसं होतं. मी ह्यांना म्हटलं, उद्या शहाद्याला जायचं. हे म्हणाले, पपईची तोड आहे. मी म्हटलं, तोड झाल्यावर जाऊ, मी गाडीत बसून राहते. हे मुकाट्याने आवरायला लागले.

दुकान जुन्या ओळखीचं. दुकानदाराचे आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी मोटारी आणि पंप विकले, हा आता कॅमेरे आणि नेटचं सामान विकतो. अहिराणी आमच्यापेक्षा साफ बोलतो. त्याने दोन डब्यांचा खोका पुढे ठेवला आणि विचारलं, "भाभी, घर कितलं मोठं शे?" खोक्यावर स्क्वेअर फूट लिहिले होते. त्या हिशेबाने आमचं घर दोन डब्यांत आरामात बसत होतं. ह्यांचा चेहरा खुलला. "दोन बस शेतस," म्हणाले.

मला ते पटेना. खोका छापणाऱ्याने आमची भिंत कुठे बघितली होती? डबा बैठकीत ठेवला आणि दुसरा स्वयंपाकघरात, तर मधल्या मातीतून ते एकमेकांना हाक कसे मारणार? वायर असती तर गोष्ट वेगळी, पण वायर उंदरांच्या पोटात. मी म्हटलं, तीन द्या. हे म्हणाले, मधल्या खोलीत कोण बसतं नेट बघायला, गहू? दुकानदार हसला. मी हसले नाही. मग मी दुसरा खोका बघितला, त्यातले डबे मोठे होते, शिंगं फुटल्यासारखे अँटेना असलेले. ते मला नको होते. स्वयंपाकघरात ओट्यावर जागा किती असते हे पुरुषांना सांगून कळत नाही. शेवटी तीन लहान पांढरे डबे घेतले, पेढ्याच्या पुड्याएवढे. दुकानदार म्हणाला, चाललं नाही तर परत आणा. हे वाक्य मी ह्यांच्याकडे बघत ऐकलं.

घरी आल्यावर आमच्या पद्धतीप्रमाणे तिन्ही डबे आधी देवापुढे गेले. हळदकुंकू लागलं. एकाच्या भोकात कुंकू गेलं ते मी फुंकून काढलं. पहिला डबा बैठकीत राउटरजवळ बसला, तिसरा स्वयंपाकघरात मिक्सरच्या बोर्डावर, आणि मधला ह्यांनी मोठ्या मानाने कोठीवर ठेवला. मधल्या खोलीत आमची पत्र्याची कोठी आहे, माणसाच्या उंचीहून मोठी, तिच्यात वर्षाचा गहू. आमच्या घरात किमती वस्तू कोठीवर ठेवायची रीत आहे. लग्नपत्रिका, दवाखान्याचे कागद, सोन्याची पावती, सगळं कोठीवर. तिथे उंदीर चढत नाही आणि पोरांचा हात पोचत नाही. तिथे ठेवलं की वस्तू घराची झाली.

स्वयंपाकघरातल्या डब्यावर लाल दिवा लागला तो जाईना. हे म्हणाले, माल खराब आहे. मी कोठीकडे बघत राहिले. पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून वाजवले तर आवाज होतो, पण त्याच डब्यात फोन ठेवून झाकण लावलं तर रिंग जात नाही, हे मला ठाऊक होतं, कारण नातेवाइकांच्या एका पोराने लग्नघरात माझा फोन लाडूच्या डब्यात लपवला होता. इथे तर वर आढ्याला पत्रा, खाली कोठीचा पत्रा. बिचारा डबा दोन्हीकडून अडकला होता. मी तो उचलला आणि दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवला, जिथे पूर्वी कंदील असायचा. आमची तिन्ही दारं एका रेषेत आहेत. कोनाड्यातून पुढे बैठक दिसते आणि मागे माझा गॅस. मागचा दिवा निळा झाला. ह्यांनी एवढंच म्हटलं की कोठीवर ठेवलं असतं तर शोभलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाटावर बसले, पदर खांद्यावर सोडला आणि फोन तेलाच्या बरणीला टेकवून ठेवला. मुलगी दिसली. मी म्हटलं, "आता बोल. आठे कोणी नई." ती आधी नुसती रडली, आणि मीही तिला रडू दिलं. मग आम्ही खूप बोललो. दुखणं, डाग, भूक, भीती, सगळं. मी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली, जी मी कधीच कुणाला मोठ्या आवाजात सांगितली नव्हती. वरण उतू गेलं तरी मी उठले नाही. इतकी सुखी मी त्या स्वयंपाकघरात क्वचितच झाले असेन.

मग आमचा नेमच झाला. तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा, मी पाटावर. आणि थोड्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नेमक्या त्याच वेळी आबा खाटेवरून उठून मधल्या खोलीत यायचे. पुरुषमाणूस मागे येताना खाकरतो, तसे खाकरायचे, मी पदर घ्यायची. मग कोठीच्या खालचं छोटं दार सरकवल्याचा आवाज. मूठभर गहू काढायचे, पोत्यावर बसून तळहातावर पसरायचे, निवडत राहायचे. कीड लागली का बघतात म्हणे. आयुष्यात कधी त्यांनी घरातला गहू बघितला नव्हता, आणि आता रोज, माझ्या फोनच्या वेळी. माझं डोकं फिरलं. तीन डबे आणून, कोनाडा शोधून मी एवढीशी जागा मिळवली, आणि आबा कान घेऊन तिच्या दारात. मी ह्यांना म्हटलं, सांगा त्यांना. हे म्हणाले, काय सांगू, गहू त्यांचा आहे. मी पुन्हा "हं" आणि "जेवण कर" वर आले. मुलगी म्हणाली, परत काय झालं?

एके दिवशी आबा असेच आले, खाकरले, बसले. मी पदर घेतला. फोन तेलाच्या बरणीला टेकलेला, मुलगी वाट बघतेय. मधल्या खोलीतून आबा बोलले, नेहमीसारखे, कोठीकडे तोंड करून.

"गहू चांगला शे. कीड नई लागनी."

मी गॅस बारीक केला. मग तेच कोठीला म्हणाले, "पोरन्या उलट्या कमी व्हयन्यात का?"

बैठकीत ताठ मानेने पडून त्यांनी माझ्या हुंकारांतून सगळं ओळखलं होतं. आणि नेट मागे गेल्यापासून त्यांना नातीची काहीच खबर नव्हती. घरातली बाईमाणसं सांगणार नाहीत, मुलगा विचारणार नाही. भिंतीला विचारलं तर भिंत चहा आणून देते.

हे कुठे शेतात होते. मध्ये सांगायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कमी व्हयन्यात, आबा. काल भाकर खादी तिनी."

इतक्या वर्षांत त्यांना मी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. माझाच आवाज मला परका वाटला. आबा उठले, कोठीचं दार सरकवलं. "बरं व्हयनं," म्हणाले. "बोला तुम्ही. मी ओटावर बठस." आणि खरंच निघून गेले, सावकाश, भिंतीचा आधार घेत. ऐकायला बसले नाहीत.

फोनमधून मुलगी म्हणाली, "आबा व्हतात का? दे ना त्यासले."

मी बरणीजवळचा फोन उचलला. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला, मधली खोली, कोनाड्याखालून, मग बैठकीचा उंबरठा. सवयीने दोन्ही उंबरठ्यांवर मी श्वास धरला. फोन कुठेच तुटला नाही. तिचा चेहरा जराही न थांबता माझ्याबरोबर चालत ओट्यापर्यंत आला, आणि मी तो माझ्या हाताने आबांच्या हातात दिला.

त्यांनी फोन डाव्या हातात धरला. उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. ती त्यांनी फोनसमोर उघडली. आत निवडलेला गहू होता, एकही खडा नाही, टपोरा दाणा.

"हाऊ देख," ते नातीला म्हणाले. "तुन्हाकरता रोज निवडी ठेवस. बाळंतपणले आठेच ये. लापशी करतीन." मग त्यांनी मान वळवली, भिंतीकडे नाही, माझ्याकडे. "करशी ना?"

"करसू," मी म्हटलं, आणि ओट्याच्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसले.