माणसाआधी त्याची गाडी

माझा भाऊ माणसं ओळखत नाही, गाड्या ओळखतो. चाळीस वर्षं तो चेपलेले पत्रे सरळ करतोय, म्हणून सगळा बाजार त्याला ठोकदादा म्हणतो आणि त्यालाही ते मनापासून आवडतं. गाडी गॅरेजच्या दारात आली की मालकाशी अवाक्षर न बोलता तो तिच्याभोवती फेरी मारणार, पोच्यावरून तळवा फिरवणार आणि मग मालक कुठल्या भागातला, घाईचा की तोऱ्याचा, सगळं सांगून मोकळा होणार. दहातल्या आठ वेळा बरोबर निघतं. उरलेल्या दोन वेळा मालक खोटं बोलतोय, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या मते प्रत्येक भागाचा उद्धटपणा वेगळा. बंदराकडचे लोक भररस्त्यात गाडी थांबवून समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाशी खिडकीतून गप्पा मारतात, म्हणून त्यांचे आरसे उडालेले. पठारावरचे सरळ रस्त्यांना सोकावलेले, पुढच्याला चिकटून चालवतात, म्हणून त्यांच्या गाड्यांची नाकं बसलेली. कारखान्यांच्या शहरातले समोरच्याच्या डोळ्यांत झगझगीत दिवे मारतात. त्याचा पत्र्यावर वण उमटत नाही, याचं दादाला वाईट वाटतं. आणि आम्ही? आम्ही डावीकडून घुसतो. पण हॉर्न वाजवून घुसतो. "सांगून घुसतो तो उद्धट कसा?" हा दादाचा सवाल. आमच्या शहरात हॉर्न वाजतो तो कुणी थांबला म्हणून, कुणी निघाला म्हणून, सिग्नल हिरवा होणार म्हणून आणि यातलं काहीच नसेल तर जरा बरं वाटावं म्हणून.

वहिनी गेल्यापासून मी दादाकडेच असते. खाली गॅरेज, वर आम्ही. भाचीला मीच वाढवली. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. एक दिवस जेवताना ताटात बघत म्हणाली, "आत्या, रविवारी एकजण चहाला येणार आहे. बाबांना तू सांग." मी दादाकडे पाहिलं. तो समोरच बसला होता.

तो एकजण त्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. डोंगरातल्या एका लहान गावचा, रोज तिथूनच गाडीने ये-जा करतो. रविवारी वेळेवर आला, गाडी गॅरेजसमोर नीट लावली, चपला काढून वर आला, मला वाकून नमस्कार वगैरे न करता सरळ "आत्या, मी आत येऊ?" म्हणाला. मला तिथेच आवडला. चहा गाळून बाहेर आणते तर दादा जागेवर नाही. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर खाली गाडीभोवती तिसरी फेरी चालू होती. उकिडवा बसून तो बंपरखाली डोकं घालत होता.

वर आला तेव्हा त्याचं तोंड बघूनच भाचीने कप खाली ठेवला.

"पुढचा बंपर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचे. मागचा तसाच," दादा म्हणाला. "डोळे मिटून चालवतोस का?"

"नाही, त्याचं काय आहे, आमच्या रस्त्यावर..."

"रस्त्यावर ढकलू नकोस. स्टिअरिंग तुझ्या हातात होतं."

वाद घालायची पोराला सवय नसावी. चहा संपवून, कप आत ठेवून गेला.

"पुढे बघत नाही, मागे बघत नाही," तो गेल्यावर दादाने निकाल दिला. "जो गाडी अशी वापरतो, तो माणसाला कशी वागणूक देईल?"

मी म्हटलं, "दारं बघितलीस का? एक ओरखडा नाही. आरसे जागच्या जागी."

"मला शिकवतेस?"

भाची रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाची गाडी तपासायची वेळही तुमच्यावर आणणार नाही." आणि उठून कामाला गेली. त्यानंतर घरात सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. पोरगी वेळेवर उठे, वेळेवर जेवे, विचारलं तेवढंच बोले. दोन महिने गेले. शेवटी मी दादाला म्हटलं, "तुझ्या हातचा पत्रा कधी वाकडा राहत नाही, मान्य. पण नाहीच म्हणायचं तर निदान त्याचं गाव बघून ये आणि मग म्हण. पोरीला आयुष्यभर पुरेल असं कारण तरी दे."

का कोण जाणे, ऐकलं. मात्र अट घातली, आधी कळवायचं नाही. रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. चष्मा लावून बघितलं तरी दादाच्या गाडीला पोचा सापडायचा नाही. मी पुढे, भाची मागे, जीव मुठीत धरून.

गाव छान होतं, पण चिंचोळं. सपाट असा एकच रस्ता. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत आणि भिंतीला लागून गाड्या अशा उभ्या की दोहोंमध्ये पोस्टकार्ड जायचं नाही. यातली एक तरी बाहेर कशी निघते, असं मी म्हणतेय तोवर एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, मधल्या गाडीत बसल्या, बंपर पुढच्या गाडीला हलकेच टेकवून तिला हातभर पुढे सारलं, मागचीला हातभर मागे सारलं आणि निघून गेल्या.

"अहो, अहो!" दादा खिडकीतून ओरडला. दुसऱ्याची गाडी होती, पण कळ त्याच्या पोटातून निघाली.

कडेच्या दुकानात एक शिंपी बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं. "काय झालं?"

"त्यांनी दोन गाड्या ठोकल्या!"

"ठोकल्या कुठे? सारल्या. इथे हँडब्रेक कुणी ओढत नाही. जागा एवढीशी, सगळ्यांना हवी. ओढून ठेवला तर लोक म्हणतात, फार शिष्ट आहेत बुवा."

दादाने काच वर केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या पोराच्या दोन्ही बंपरचं गणित त्याच्या डोक्यात सुटत होतं, हे मला दिसत होतं. पण चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस, त्याला चुकलो म्हणायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. "ठीक आहे," एवढंच पुटपुटला आणि गाडी पुढे घेतली. ठीक म्हणजे काय, ते विचारायची ना मला छाती झाली, ना भाचीला.

वीस पावलांवर पुढची गाडी थांबली. दोन माणसं एक कपाट उचलून रस्ता ओलांडत होती. आणि दादाने सवयीने हॉर्नवर तळवा ठेवला. चांगला लांब वाजवला.

मी खोटं सांगत नाही, सगळा रस्ता जागच्या जागी थांबला. कपाटवाल्यांनी कपाट खाली ठेवलं. खिडक्या उघडल्या. शिंपी गळ्यात टेप तसाच लटकत ठेवून पळत आला. कुणी घोंगडी आणली, कुणी खुर्ची. मग लक्षात आलं. सकाळपासून या गावात एकही हॉर्न ऐकला नव्हता. इथे कुणाला काही लागलं, कुणी पडलं, तरच वाजवतात.

समोरच्या घरातून एक बाई धावत आल्या, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. पदर पिठाने भरलेला. त्यांनी दादाच्या बाजूचं दार उघडलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुठे लागलं तुम्हाला? छातीत दुखतंय का? घाबरू नका, आम्ही सगळे आहोत."

"बाबा," मागून भाची कुजबुजली, "या त्याच्या आई."

तीस-चाळीस माणसं गाडीभोवती श्वास रोखून उभी. आता हा पुढच्या गाडीला दोष देणार, मी मनात म्हटलं. दादाने त्या बाईंकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिठाच्या हाताकडे पाहिलं. इतका मऊ झालेला तो मला वहिनी गेली तेव्हाच दिसला होता.

"लागलं काही नाही," तो म्हणाला. "मी मुलीचा बाप. आमच्याकडून होकार आहे. तेच सांगायला वाजवला."

बाईंनी आत डोकावून भाचीला पाहिलं. एकदम खाली बसल्या, तिथेच, कुणीतरी आणलेल्या खुर्चीवर. "अहो, मग दार वाजवायचं ना!" म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. दादाने त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. भाचीने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले होते. ती हसत होती. मी मात्र रडत होते, उगाच खोटं कशाला बोलू.