देवानं निवडलेलं सॉफ्टवेअर

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते, म्हणजे अर्ध्यावर उठून पळता येणार नाही तुम्हाला. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते आणि मी सासरच्या अख्ख्या धंद्याला कुलूप लावून दाखवलं. एकटीनं! कुणाची मदत न घेता!

हरमलला, समुद्राकाठी, सासरच्या खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या. प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टची झेरॉक्स ठेवावी लागते. आमच्याकडे ती कुठं असायची? खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत! एकीत रशियन, दुसरीत इस्रायली, तिसरीत उरलेलं जग. पावसाळ्यात सगळ्या देशांना सारखीच बुरशी.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सुने, तू कॉम्प्युटर शिकलंय मगो? ह्या कागदांक सांभाळपाचो एक सॉफ्टवेअर बघ. मोसम सुरू जावच्या आदी परवानो हातात जाय. ना जाल्यार खोल्यो बंद."

भाजीत मीठ बघण्यापलीकडचं हे मला त्या घरात मिळालेलं पहिलं काम. मी जीव ओतला हो!

दोन सॉफ्टवेअर उरली. एक पणजीचं. दिसायला अगदी सरकारी, घरच्याच कॉम्प्युटरवर बसणारं. दुसरं बेंगळुरूचं. देखणं, सगळं नेटवर, हवा तो कागद डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर. त्याची सवलत रविवारी संपत होती. मी शनिवारीच आहेराच्या पाकिटांतून घेऊन टाकलं आणि आठवडाभर दार लावून झेरॉक्स चढवत बसले. म्हटलं, बाबांना एकदम चकित करावं.

मग जेवताना मी हळूच म्हणाले, "दोन आहेत, बाबा. बेंगळुरूचं बरं वाटतं."

"बरें तर," बाबा म्हणाले. "पण देवाक विचारल्याबगर आमी कधी बांयसुद्धा खणली ना. फाल्यां कौल घेवया."

आता बोलायचं की नाही? बोलायचंच! पण मी काय केलं? बाबांना आणखी एक वाटी कढी वाढली.

दुसऱ्या दिवशी सगळं घर देवळात. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पणजी, डावी पडली तर बेंगळुरू. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान... काय रे तां?"

"डॉक्युमेंट मॅनेजमेंट," माझा नवरा पुटपुटला.

"...तां तुज्या पायाशी मांडल्यान हां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सर्वांत मोठ्यानं सासूबाई.

मी डाव्या पाकळीकडे असं बघत होते की एखादी लाजून पडली असती. ती ढिम्म! आणि उजवी? गुरवाचे हात जोडून होतात न होतात तोच टपकन खाली.

पणजीचं सॉफ्टवेअर आलं. आता सगळे कागद पुन्हा चढवायचे? मी विचार केला, बाबांना कागद मिळाल्याशी कारण. मी पडद्यावर पणजीच्या सॉफ्टवेअरची खूण मोठी करून ठेवली, मागं देवाचा फोटो लावला, आणि कुणी काही मागितलं की गुपचूप बेंगळुरूचं उघडून काढून देऊ लागले.

बाबा प्रत्येक वेळी हात जोडायचे. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "पळय, देवाचो सॉफ्टवेअर! नेटाबगर चलता!" सासूबाईंनी तर त्या श्रद्धेनं पिशव्याच उतरवल्या आणि न्हाणीच्या चुलीत घातल्या. "आता देवाकडे आसात मगे सगळे." रशियावर तापलेल्या पाण्यानं मी आंघोळ केली. काय करणार?

मग परवान्याचे साहेब तपासणीला आले. नेमकी त्याच सकाळी रस्ता खणताना केबल तुटलेली. नेट गेलं. मोबाईलला एक रेघ होती, तीही गेली.

"साहेब, नेट नाही आज," मी कसंबसं म्हटलं.

बाबा हसले. इतके खूश मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते. "नेट गेला? वचूं दी! साहेब, आमचो देवान सांगिल्लो." आणि त्यांनी स्वतः माऊस हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

उघडलं हो ते! एका झटक्यात!

आत एकच नोंद. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, चालतंय का बघायला काहीतरी घाला. मी माझ्या माहेरच्या, मयेच्या घरच्या बोक्याचा फोटो घातला होता. पाहुण्याचं नाव: गोट्या. पडदाभर तो, जांभई देताना.

साहेबांनी चष्मा पुसला. परत घातला. "सगळ्या वर्सात एकूच पावणो?"

त्यांनी नोंदीसाठी पेन उघडलं.

"खंयचो हो?"

बाबा माझ्याकडे बघत होते. सासूबाई माझ्याकडे. नवरा पंख्याकडे.

"मयेचा," मी म्हटलं.

परवाना अडकला. मोसमाचे पहिले कित्येक आठवडे समोरच्या वाटेनं बॅगा घेतलेली माणसं जात राहिली आणि आमच्या खोल्यांची दारं बंद. त्या हंगामात सरकारदरबारी आमच्याकडे उतरलेला पाहुणा एवढा एकच, आणि त्याची नोंद करणारी मी.